राऊत सरांनी लावलेला 'अर'

राऊत सर जानेफळच्या शाळेत इंग्रजी मोठ्याने वाचायला लागले की मेहकरच्या स्टँडवरचा कंडक्टर घंटी मारायचा थांबत असे. हे मी सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. जानेफळ ते मेहकर किती लांब आहे हे मला शिकवू नका. त्या शाळेत मी पी.टी.चा मास्तर होतो आणि ते अंतर मी स्वतःच्या पायांनी मोजलेलं आहे. मोजावं का लागलं, तेही पुढे येईलच.

सरांचं नाव निंबाजी राऊत. घर बागायती माळ्याचं. वांगी, कांदे, कोथिंबीर, मिरची. सर बी.ए. होते, तेही इंग्रजी घेऊन, पण पायात चपला शाळेच्या फाटकाशी येऊन घालत. तोवर त्या हातात. पहाटे पाटाला पाणी सोडायचं, वाफे भरायचे आणि बांधावर बसून वह्या तपासायच्या, असा त्यांचा नेम. त्यामुळे प्रत्येक वहीवर लाल शाईच्या बरोबरीने काळ्या मातीचा अंगठा उमटलेला असे. ज्याच्या निबंधावर अंगठा जास्त मोठा, त्याच्यावर सर जास्त वेळ थांबले, असा हिशेब मुलांनी बसवला होता. एका मुलाच्या वहीत वांग्याचं रोप उगवलं होतं. मी पाहिलंय. दोन पानं फुटली होती.

महाराष्ट्र तेव्हा नुकताच झाला होता. आमचं वऱ्हाड आधी नागपूरकडच्या राज्यात होतं, मग मुंबई राज्यात गेलं, मग महाराष्ट्रात. थोडक्या वर्षांत बसल्या जागी आम्ही तीन राज्यं फिरून आलो आणि बुडाखालची सतरंजीसुद्धा हलली नाही. फरक एवढाच की साहेब लोक आता पुण्याकडून यायला लागले आणि आम्ही तोंड उघडलं की गालातल्या गालात हसायला लागले.

आमची शाळा दहावीपर्यंत. मॅट्रिक म्हणजे अकरावी, ती मेहकरला. मुलं तिकडे जाऊन खोली करून राहत, हाताने भाकरी थापत, जळवत, तीच खात. मुलींना कोण पाठवणार? दहावी झाली की मुलगी घरी. तिची पुस्तकं धाकट्या भावाला नाहीतर बनियाच्या पुड्यांना. राऊत सरांनी एकच ध्यास घेतला होता: अकरावीचा वर्ग जानेफळात आणायचा. संस्थेचे अध्यक्ष आमच्या गावचे पाटील. त्यांनी अर्ज केला, खोली बांधली, बाकं आणली. इन्स्पेक्टर साहेब येतील, इंग्रजी पाहतील आणि मग मान्यता देतील, असं उत्तर आलं. म्हणजे सगळं ओझं येऊन पडलं इंग्रजीवर, आणि इंग्रजी म्हणजे राऊत सर. त्यातही गोची अशी की सर बी.ए. असले तरी ट्रेनिंग झालेले नव्हते.

दहावीत त्या वर्षी तीन मुली होत्या. त्यातली एक सुमित्रा, अंजनाबाई कुंभारणीची लेक. सर वर्गात शिरले की आधी या तिघी बसतात त्या बाकाकडे पाहत, मग फळ्याकडे.

सरांकडे एक डिक्शनरी होती. साधीसुधी नव्हे. प्रत्येक इंग्रजी शब्दाचा बाप कोण, आजा कोण, तो कोणत्या गावाहून आला, हे सांगणारी. नांदुऱ्याच्या एका जिनिंगमधला गोरा साहेब जाताना सामान टाकून गेला, ते रद्दीवाल्याकडे आलं, आणि कांदे विकायला गेलेल्या सरांनी दोन पोती कांदे देऊन ते धूड उचललं. घरी आणलं तेव्हा राऊत वहिनींनी त्याच्यावर डाळीचा डबा ठेवून पाहिला, बरोबर बसला. पण सुरुवातीची शंभरेक पानं वाळवीने खाल्ली होती. तेव्हा इंग्रजीच्या पहिल्या अक्षराचे शब्द सरांच्या राज्यात नव्हते. कोणी 'ॲपल' विचारलं तर सर शांतपणे म्हणत, "त्याचं मूळ वाळवीले माहीत. दुसरा इचार."

त्या डिक्शनरीत सरांना 'अर' सापडला.

टीचर, ड्रायव्हर, फार्मर, पेंटर. शब्दाच्या मागे लागणारं ते शेपूट. आम्ही जन्मभर ते शब्द तोंडात घोळवले, पण शेपटाकडे कोणी पाहिलं नव्हतं. सर त्यावर आठ दिवस बोलत होते. पाटाचं पाणी फुटून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलं तरी बोलत होते. मला बांधावर बसवून त्यांनी सांगितलं ते असं:

"पाहा मास्तर, हे लेकरू इंग्लंडात जन्मलंच नाही. रोमच्या लोकायच्या भाषेत 'आरिउस' होतं. ज्याचा ज्या गोष्टीशी धंद्याचा संबंध, त्याच्या मांगं ते लागे. रोमचे बेपारी अन् शिपाई वरते गेले जर्मन टोळ्यायकडे. टोळ्यायनं त्यायच्यापासून दारू घेतली, भांडे घेतले, अन् हेही उचललं. त्याच टोळ्या होडीत बसून इंग्लंडात उतरल्या. तवा ते 'एरे' झालं होतं. मंग वापरून वापरून झिजलं, अन् राह्यला 'अर'. म्हणजे काय? म्हणजे करणारा. जो काम करते तो."

"मग डॉक्टर, इन्स्पेक्टर?" मी विचारलं.

"ते दुसऱ्या घरचे. त्यायचं 'ऑर' थेट लॅटिनातून आलं, पालखीत बसून. पण अर्थ तोच. करणारा. काही न करता पालखीत बसला तर त्याले कोण इचारते?"

इथवर ठीक होतं. कुठलाही मास्तर एवढं सांगून पुढच्या धड्याकडे गेला असता. राऊत सर गेले नाहीत. त्यांनी नियम काढला: काम केल्याशिवाय 'अर' लावायचा नाही. पुस्तकातले शब्द पाठ करून चालणार नाही. 'फार्मर' म्हणायचं तर औत धरून या. 'ड्रॉवर', म्हणजे ओढणारा, म्हणायचं तर विहिरीतून पाणी ओढा. ज्याने ज्या दिवशी जे केलं, त्याने ते शाळेच्या मागच्या भिंतीवर खडूने स्वतःच्या नावापुढे लिहायचं. पावसाने भिंत धुतली की पुन्हा काम करा, पुन्हा लिहा. कोणी तक्रार केली की सरांचं ठरलेलं: "करून दाखव, मंग बोल."

बाजाराच्या दिवशी अर्धी शाळा तशीही बाजारातच असे. सर म्हणाले, मग वर्गच तिकडे नेऊ. दर बाजाराला दहावीचा इंग्रजीचा तास बाजारात भरायला लागला. पोरं न्हाव्याच्या शेजारी, शिंप्याच्या शेजारी उभी राहून बघत, हात लावत, तिथेच वाक्यं जुळवत. गावाला याचं असं याड लागलं की वजन करणारा हमालसुद्धा सरांना हटकायचा, "सर, मले अर लागला का नाही?"

महादू सुतार चाकाच्या आऱ्या ठोकत होता. सरांनी त्याला सांगितलं की सुताराला इंग्रजीत 'कारपेंटर' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी आहे गाडी. रोमकरांची दोन चाकी गाडी. कारपेंटर म्हणजे मुळात गाडी बनवणारा. महादूने वाकस खाली ठेवला. थोडा वेळ विचार केला.

"म्हणजे सर, खिडक्या-दरवाजे करणारे ते कारपेंटर नाहीत?"

"आता आहेत. पण मुळातला तू."

त्या दिवसापासून महादूने दरवाज्याची कामं घेणं बंद केलं. मुळातला माणूस असली फुटकळ कामं करत नाही, म्हणे. सहा महिने गावात अर्ध्या घरांना दारं नव्हती. कुत्री थेट चुलीपर्यंत यायची. शेवटी सरच त्याच्या हातापाया पडले.

मेहकरचं अंतर पायांनी का मोजावं लागलं, ते सांगतो म्हणालो होतो. मी भिंतीवर स्वतःच्या नावापुढे 'रनर' लिहिलं. सर चष्मा वर करून म्हणाले, "मास्तर, तुमी पळवता. पळत नाही." मुलं हसली. मी तिथून जो निघालो तो मेहकरला जाऊन थांबलो. वाटेत दोन एसट्या मागे टाकल्या. एकीचा टायर फुटलेला होता, पण दुसरी चालू होती. परत मात्र तिसरीतून आलो. खडू हातात घेऊन पुन्हा नाव लिहिलं तेव्हा सरांनी स्वतः माझ्या पाठीवर थाप मारली. अजून दुखते, पण चांगली दुखते.

आता अंजनाबाई. नवरा गेल्यावर तिने चाक स्वतः फिरवायला घेतलं. कुंभाराच्या चाकाला बाईने हात लावायचा नाही, हा दंडक. माती तुडवा, भाजायचा आवा लावा, मडकी डोक्यावर घेऊन बाजारात बसा, सगळं करा, चाक नाही. अंजनाबाईने लावला हात. भाऊबंदांनी आवाज चढवला, तिने चाकाचा वेग. पण गावाच्या तोंडी ती 'कुंभाराची बायको'च राहिली. नवरा जाऊन पाच वर्षं झाली तरी तिच्या हातच्या रांजणाला लोक त्याच्या नावानेच ओळखत.

सर वर्ग घेऊन तिच्या अंगणात गेले. म्हणाले, "अंजनाबाई, इंग्रजीत कुंभार अन् कुंभारीण असं दोन नाही. जो मडकं करते तो पॉटर, जे मडकं करते ते पॉटर. तुमी पॉटर."

अंजनाबाईने चाक थांबवलं नाही. नुसतं विचारलं, "म्हणजे कोनाची बायको म्हनून नाही?"

"नाही. हातावरून."

"मंग लिवा तुमच्या भितीवर."

सर म्हणाले, ज्याचं त्याने लिहायचं. तिला लिहिता येत नव्हतं. सुमित्राने आईचा हात धरून शाळेमागे नेला आणि खडू तिच्या मुठीत देऊन अक्षरं गिरवून घेतली. एकेक अक्षर घागरीएवढं आलं. बाई मागे सरकली, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, "तिसरं जरासं कललं. भाजल्यावर तडकन."

इथपर्यंत सगळं सुखाचं. पण सरांच्या हातून एक गोष्ट झाली. मुलांना समजावं म्हणून त्यांनी एकदा फळ्यावर एका बाजूला कुंभार, लोहार, सोनार, चांभार लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला पॉटर वगैरे. शेवटचा आवाज सारखा येतो म्हणून लक्षात राहतं, एवढाच हेतू. पुढे त्यांनी स्पष्ट सांगितलंही: आपला कुंभार कुंभकारापासून आला, लोहार लोहकारापासून. आपल्या 'कारा'चा आणि त्यांच्या 'अर'चा काही संबंध नाही. पण तोवर घंटा झाली होती. मुलांनी घरी नेलं ते फळ्याचं पहिलं अर्धं.

गावात बातमी पसरली की इंग्रजी भाषा आपल्या बलुतेदारांवरून निघाली. आठवड्यात ती वाढली. पंधरवड्यात असं ठरलं की पूर्वी एक जानेफळचा कुंभार मडकी घेऊन विलायतेला गेला होता आणि 'अर' तिथे विसरून आला. सुलतानपूर गावचे लोक म्हणायला लागले की तो कुंभार त्यांचा होता. त्यावरून पाहुण्यांत बोलाचाली झाल्या. आमचे पाटील मोठ्या काळजाचे, आणि मोठ्या काळजात काहीही मावतं. त्यांनी मला बोलावून शाळेच्या फाटकासाठी कापडी फलक रंगवून घ्यायला लावला. मी रंगवून घेतला, नाकारत नाही. त्यावर होतं: 'इंग्रजी भाषेचे मूळ गाव जानेफळ साहेबांचे स्वागत करीत आहे.'

राऊत सर त्या दिवशी मिरचीच्या वाफ्यात होते. त्यांनी फलक पाहिला तो इन्स्पेक्टरची जीप फाटकातून आत आल्यावर. आणि तो दिवस बाजाराचा होता.

साहेब बारीक अंगाचे, इस्त्रीचा कोट, बोलणं असं स्वच्छ की ऐकताना आपलीच जीभ धुवावीशी वाटावी. फलक त्यांनी दोनदा वाचला. शाळेपुढच्या मांडवात चहा झाला. पाटील भाषणाला उभे राहिले आणि तो विलायतेला गेलेला कुंभार त्यांनी असा रंगवला की मला त्याच्या डोक्यावरची मडकी दिसायला लागली. सगळा गाव टाळ्या वाजवत होता.

साहेबांनी टाळ्या थांबू दिल्या. मग हसून विचारलं, "हे आपल्या शाळेत शिकवलं जातं का?"

पाटील म्हणाले, "आमच्या राऊत सरांचा शोध आहे, साहेब. इंग्रजी तेच शिकवतात."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांच्या धोतरावर चिखल होता. कोपऱ्यात मुलींच्या रांगेत सुमित्रा बसली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर साहेबांनी मूर्ख ठरवलं असतं. 'नाही' म्हटलं तर पाटलांना खोटं ठरवायचं, ज्यांच्या सहीने सरांची नोकरी चालत होती आणि ज्यांनी अकरावीची खोली बांधली होती. मी मनात म्हटलं, निंबाजी, खोकला येऊ दे, भोवळ येऊ दे, काहीतरी कर.

सर उभे राहिले. "नाही साहेब. हे खरं नाही. चूक माझी आहे. मी फळ्यावर दोन याद्या शेजारी लिवल्या, त्यावरून गावाचा समज झाला. आमच्या पाटलायनं गावाच्या मायेपोटी सांगतलं. पण 'अर' इथून गेला नाही."

मांडवात पंख्याशिवाय गारवा आला. पाटलांचा चेहरा आव्यातून काढल्यासारखा झाला. सरांच्या शेजारून जाताना ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, उद्यापासून वांगेच लावा." मी ऐकलं. सरांनीही ऐकलं. त्यांनी मान हलवली, हाव म्हणून.

"मग कुठून आला?" साहेबांनी विचारलं.

सरांनी रोम, टोळ्या, होड्या, सगळं सांगितलं. आमच्याच बोलीत. साहेबांच्या गालातलं हसू हळूहळू कमी झालं, पण गेलं नव्हतं. "बरं," ते म्हणाले, "माहिती उत्तम आहे. आता वर्ग दाखवा."

"वर्ग बाजारात भरते, साहेब."

"बाजारात?"

"आज तिथीच राह्यते."

साहेबांनी पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी आभाळाकडे. मग कोट, इस्त्री, फाईल आणि मागून आम्ही सगळे, कोथिंबिरीच्या जुड्या ओलांडत बाजाराला लागून असलेल्या अंजनाबाईच्या अंगणात आलो. मुलं पुढे धावत जाऊन चाकाभोवती बसली होती. अंजनाबाईने पदर सारखा केला, पण काम चालू ठेवलं. साहेबांना बसायला पाट दिला. साहेब बसले नाहीत. त्यांनी एकदा वर्गावर नजर फिरवली आणि सुमित्रासमोर थांबले. इंग्रजीत विचारलं, सोपंच विचारलं, "हू ॲम आय?" मी कोण?

सोपं कशाला म्हणायचं? सगळ्या गावाला ते उत्तर येत होतं. जीपच्या ड्रायव्हरला येत होतं. कोपऱ्यातल्या बकरीला येत असावं. सुमित्रा नुसती उभी राहिली. साहेबांनी पुन्हा विचारलं. तिने सरांकडे पाहिलं. सर चाकाकडे पाहत होते.

"नॉट येट, सर," ती म्हणाली.

"काय नॉट येट?"

तिचं वाक्य सरळ आलं. "यू हॅव नॉट इन्स्पेक्टेड, सर. यू हॅव ओन्ली टेकन टी."

ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांनाही 'टी' कळला. साहेबांनी अजून तपासलं काही नाही, नुसता चहा घेतलाय. पाटलांनी डोळे मिटले. मला दिसायला लागलं की अकरावीच्या खोलीत आता कडबा भरला जाईल.

साहेबांनी सरांकडे वळून विचारलं, "हे तुम्ही पढवलंय?"

"वाक्य नाही, साहेब. नियम पढवला. काम केल्याबिगर नाव नाही. तिनं तो तुमाले लावला. तुमी रागावसान तर मायावर रागवा."

साहेबांनी कोट काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. पाटावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "वह्या आणा. सगळ्यांच्या."

मी पुष्कळ तपासण्या पाहिल्या. त्या चहापासून सुरू होऊन जेवणाशी संपतात. ही दुपारी सुरू झाली ती बाजार उठेपर्यंत चालली. साहेबांनी एकेका पोराला उभं केलं. न्हाव्याविषयी विचारलं, शिंप्याविषयी विचारलं, पुस्तकातलं विचारलं, पुस्तकाबाहेरचं विचारलं. पोरं अडखळली, चुकली, एकाने बैलाला 'ही' म्हणायचं सोडून दोनदा 'मिस्टर' म्हटलं. पण मुकं कोणी राहिलं नाही. जे बोलत होती ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं, हाताने केलेलं होतं, मग जीभ किती वेळ मागे राहणार? वहीवरचे मातीचे अंगठे साहेबांनी नखाने खरवडून पाहिले आणि कोणाचे म्हणून विचारलं. सर म्हणाले, माझे. साहेबांनी पुढची वही घेतली.

शेवटी त्यांनी बाह्या सारल्या आणि चाकाकडे बोट दाखवलं. अंजनाबाईने जागा दिली. साहेबांच्या हाताखाली मातीचा गोळा जरा वर आला, फुगला, डुलला आणि एका बाजूला बसला.

"राहू द्या साहेब," अंजनाबाई म्हणाली, "मले दोन साल लागले. अन् शिव्या खाल्ल्या त्या येगळ्या."

साहेब मोठ्याने हसले. पहिल्यांदाच गालाबाहेर. हात धुतले, कोट घातला, आणि जाताना सुमित्रासमोर थांबून विचारलं, "आता?"

सुमित्रा म्हणाली, "येस सर. इन्स्पेक्टर."

तो शब्द मी हजारदा ऐकला असेन, पण त्या दिवशी साहेबांनी तो असा घेतला, जसा पैलवान नारळ घेतो. अंजनाबाई कुंभारणीच्या अंगणात, नखांत चिखल घेऊन. सांगा, दुसऱ्या कोणत्या गावात झालंय असं?

महिनाभर पाटील सरांशी बोलले नाहीत. नोकरीवरून काढलंही नाही. काढलं तर मान्यता हातची जाईल, ही भीती. मग पत्र आलं. अकरावीला मान्यता. खाली एक अट: मॅट्रिकच्या वर्गाला इंग्रजी शिकवणारा ट्रेनिंग झालेला हवा. अनुभव चालणार नाही. म्हणजे वर्ग आला आणि सरांच्या हातून गेला, एकाच कागदावर.

पाटलांनी सरांना वाड्यावर बोलावलं. मी सोबत होतो.

"मास्तर, तुमी मले साऱ्या गावासमोर खोटं पाडलं."

"पाडलं, पाटील."

"माया बापानंही कधी पाडलं नव्हतं."

"हाव."

पाटलांनी सुपारी कातरून सरांपुढे केली. "साहेबानं मले जाताना सांगतलं, जो मास्तर अध्यक्षासमोर खरं बोलते, त्याचे निकाल तपासायची गरज नाही. मंग म्या इचार केला. नवा सर आणतो एका वर्षासाठी. तुमी ट्रेनिंगले जा अमरावतीले. घरचं, वावराचं मी पाहतो. पण परत या. तिकडंच रमसान तर याद राखा."

सर चाळिशी ओलांडलेले. मिशीत पांढरं आलेलं. मिसरूड फुटलेल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसायचं, पाठ काढायचे, कोणा प्राध्यापकाने आवाज कमी करा म्हणायचं. मी विचारलं, "सर, कमीपणा नाही वाटत?" ते म्हणाले, "काऊन? साहेब नाही का बसला चाकावर?"

जायचा दिवस आणि अकरावीचा पहिला दिवस एकच निघाला. सरांची ट्रंक, वळकटी गावच्या स्टँडवर आली. महादूने ट्रंकेला नवीन कडी बसवून दिली होती, एवढी भक्कम की ती उघडायला पुन्हा महादूच लागला असता. गाडीला वेळ होता. सर म्हणाले, जरा शाळेकडून येतो.

गाडी आली, उभी राहिली, कंडक्टरने दोनदा हाक दिली, मी तिसऱ्यांदा दिली. सर आले नाहीत. गाडी गेली. मी ट्रंक, वळकटी सायकलवर टाकून शाळेकडे गेलो, तर सर अकरावीच्या खोलीच्या खिडकीखाली भिंतीला टेकून उकिडवे बसलेले. आत नवीन सर इंग्रजी शिकवत होते. मी काही बोलणार तर सरांनी ओठावर बोट ठेवलं. ज्या माणसाचा आवाज मेहकरपर्यंत जायचा तो पूर्ण तासभर श्वाससुद्धा जपून घेत होता. आतून सुमित्राचा आवाज आला. तिने काहीतरी विचारलं. नव्या सरांनी उत्तर दिलं. तिने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा दिलं, या खेपेला सावकाश.

घंटा झाल्यावर सर उठले. गुडघे चोळले. पुढची गाडी तिसऱ्या प्रहरी होती. म्हणाले, "तवर कोण बसते?" ट्रंक डोक्यावर घेतली, वळकटी काखेत मारली आणि मेहकरच्या रस्त्याला लागले. मी सायकल घेऊन मागे. म्हटलं, सर, ट्रंक तरी द्या. ते थांबले नाहीत.

"बरं शिकवते हो तो," चालता चालता म्हणाले. "जरा भराभरा बोलते. पण पोरी त्याले थांबवून राह्यल्या."

ओढ्याच्या पुलाशी त्यांनी मला परत पाठवलं. माझा आठवीचा तास होता. मी सायकल वळवली, पण निघालो नाही. सर सरळ चालले होते, चपला हातात, मान ताठ, डोक्यावरची ट्रंक जराही न हलता. समोरून येणाऱ्या एका बैलगाडीवाल्याने गाडी बाजूला घेऊन त्यांना सगळा रस्ता दिला.